करार वाचावा तो शेवटच्या कलमांपासून

प्रश्न असा आहे: युक्रेन आणि गाझा पाहिल्यावर संयुक्त राष्ट्रं, आंतरराष्ट्रीय न्यायालयं आणि शस्त्रकरार यांना राष्ट्रीय सुरक्षा धोरणात काही जागा उरते का, की प्रत्येक देशाने आपल्या बळावरच विसंबावं?

शस्त्रनियंत्रणाचे करार आणि निर्बंधांचे ठराव वाचून त्यांवर टिपणं लिहिणं हेच माझं बरीच वर्षं काम होतं. त्या कामातून मला पटलेलं उत्तर आधीच सांगून टाकतो. जागा आहे, पण संरक्षणाच्या रकान्यात नाही. या संस्था तीन गोष्टी देऊ शकतात: माहिती, वेळ आणि समोरच्याला मोजावी लागणारी किंमत. कोणी काय केलं हे त्या बऱ्यापैकी खात्रीने सांगतात. पुढचं पाऊल पडण्याआधी काही आठवडे किंवा महिने मिळवून देतात. कधीमधी ते पाऊल महागही पाडतात. बलवान देशाचा हात धरणं मात्र त्यांच्याकडून होत नाही, आणि ज्यांनी त्या उभारल्या त्यांनी तशी सोय मुद्दामच ठेवली नव्हती. ‘संयुक्त राष्ट्रं अपयशी ठरली’ असं चिडून म्हणणारा आणि ‘जग हे खपवून घेणार नाही’ असं ठासून म्हणणारा, दोघांचा गैरसमज एकच असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) सर्वांना ठाऊक असतं: दुसऱ्या देशाविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही, तशी धमकीही द्यायची नाही. कलम ४३ पर्यंत फारसं कोणी पोचत नाही. सदस्य देशांनी सुरक्षा परिषदेशी खास करार करायचे आणि आपल्या फौजांचा काही भाग तिच्या दिमतीला ठेवायचा, असं त्यात लिहिलं आहे. असा एकही करार आजवर झालेला नाही. फौज किती असावी, कोणी किती द्यावी, ती कुठे ठेवावी यावर १९४७-४८ मध्येच पाच बड्या देशांची बोलणी अडकली. या फौजेला दिशा देण्यासाठी जी लष्करी समिती नेमली होती ती मात्र अजून अस्तित्वात आहे आणि तिच्या बैठकाही नेमाने भरतात! १९९० मध्ये इराकला कुवेतमधून बाहेर काढायची वेळ आली तेव्हा परिषदेने ठराव ६७८ करून ‘सर्व आवश्यक मार्ग’ वापरायची परवानगी दिली. लढली ती अमेरिकेच्या नेतृत्वाखालची आघाडी. परिषद परवानगी देऊ शकते, फौज देऊ शकत नाही. धोरण लिहिताना हा फरक पहिल्या पानावर असायला हवा.

परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी कोणीही एकट्याने ठराव पाडू शकतो; या नकाराधिकाराबद्दल लोक चिडतात. पण तो नसता तर १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बड्यांच्या सह्याच मिळाल्या नसत्या. वादात जो देश स्वतः पक्षकार आहे त्याने मतदानापासून दूर राहावं अशी एक अट कलम २७(३) मध्ये आहे. ती मुख्यतः शांततेने वाद मिटवण्याच्या प्रकरण सहाखालच्या निर्णयांना लागू होते, सक्तीच्या उपायांना नाही. आणि जिथे लागू होते तिथेही गेल्या कित्येक दशकांत ती जवळपास कोणी पाळलेली नाही. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध करणाऱ्या मसुद्याला ११ मतं मिळाली, चीन, भारत आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले, आणि रशियाच्या एका मताने मसुदा पडला. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. ८ डिसेंबर २०२३ ला गाझातल्या तातडीच्या युद्धविरामाचा मसुदा १३ मतं मिळूनही अमेरिकेच्या नकाराने पडला. दोन्हीकडे यंत्रणा बिघडली नव्हती, जशी बांधली होती तशीच चालली.

मग आमसभा काय करते? १९५० मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी चीनच्या जागेच्या वादावरून परिषदेवर बहिष्कार टाकून बसला होता, म्हणून कोरियाविषयीचे ठराव निघाले. ऑगस्टमध्ये तो परतला आणि ती वाट बंद झाली. त्यावर तोड म्हणून त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला आमसभेने ठरवलं की परिषद अडली तर विषय आपण हाती घेऊ. २ मार्च २०२२ ला याच वाटेने युक्रेनचा ठराव आला: १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. हा ठराव कोणावर बंधनकारक नाही. पण त्या मतदानाची यादी मी कधी नुसती बातमी म्हणून वाचत नाही. निर्बंधांत कोण साथ देईल, कोणाच्या बँका पैसे अडवतील, कोणाच्या बंदरांत जहाजं तपासली जातील याचा पहिला अंदाज तिथून लागतो. आणि ३५ तटस्थ देश तर विरोधकांपेक्षाही बारकाईने वाचावेत, कारण पुढची सौदेबाजी त्यांच्याशीच व्हायची असते.

आता आश्वासनांकडे. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडून द्यायचं मान्य केलं, आणि बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशियाने त्याच्या सीमांचा मान राखायचं कबूल केलं. लोक विचारतात, ते मोडल्यावर कोणी धावून का आलं नाही? मजकूर वाचला की उत्तर मिळतं. अण्वस्त्रांचा वापर करून किंवा तशी धमकी देऊन आक्रमण झालं तर सह्या करणाऱ्यांनी सुरक्षा परिषदेकडून तातडीने मदत मिळवायचा प्रयत्न करायचा. बांधिलकीबद्दल प्रश्न उभा राहिला तर सल्लामसलत करायची. बस, एवढंच. म्हणजे मोडणाऱ्याकडे नकाराधिकार असेल तर दाद मागायची जागा त्याच्याच ताब्यात. मसुदा लिहिणारे वकील भोळे नव्हते. अमेरिकेला युद्धात उतरण्याची बांधिलकी द्यायची नव्हती आणि ती त्यांनी दिली नाही.

युत्यांबद्दलही हेच. नाटोच्या १९४९ च्या करारातलं कलम ५ फार मोठ्या आवाजात उद्धृत केलं जातं: एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला. त्याच वाक्यात पुढे लिहिलं आहे की प्रत्येक सदस्य ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कारवाई करेल, सशस्त्र बळासह. कोणाला काय आवश्यक वाटेल हे त्याच्या राजधानीत ठरतं. आजवर हे कलम एकदाच लागू केलं गेलं, २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. म्हणून युतीची ताकद मी कलमांत शोधत नाही. सीमेजवळ कोणाच्या तुकड्या तैनात आहेत, कोणाचा दारूगोळा कोणाच्या तोफेला चालतो, संयुक्त मुख्यालयात कोण कायम बसतं, यात शोधतो. एस्टोनियात तळ ठोकून असलेली ब्रिटिश तुकडी कलमातल्या शब्दांपेक्षा जास्त सांगते, कारण तिच्यावर गोळी झाडली तर लंडनला विचार करायला फार वेळ मिळत नाही.

करार हातात आला की मी शेवटून वाचायला लागतो. बाहेर पडण्याचं कलम बहुधा तिथेच असतं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते सर्वांत मोलाचं असतं. अण्वस्त्रप्रसारबंदी करारातलं दहावं कलम म्हणतं की कराराच्या विषयाशी संबंधित असाधारण घटनांनी देशाचं सर्वोच्च हित धोक्यात आलं असेल, तर तीन महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडता येतं. उत्तर कोरियाने मार्च १९९३ मध्ये अशी सूचना दिली आणि मुदत संपायला एक दिवस उरला असताना ती स्थगित केली. मग १० जानेवारी २००३ ला त्यांनी सांगितलं की ८९ दिवस आधीच भरले आहेत, आता एकच दिवस बाकी आहे. हा अर्थ किती देशांना मान्य आहे यावर आजही एकमत नाही. पण ज्यांनी नियोजनात ‘तीन महिने’ असं धरलं होतं त्यांना प्रत्यक्षात एक दिवस मिळाला. ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली चाचणी झाली.

याच्या उलट ओटावाचा भूसुरुंगबंदी करार. त्यातही सहा महिन्यांच्या सूचनेवर बाहेर पडता येतं, पण ती मुदत संपताना देश सशस्त्र संघर्षात असेल तर संघर्ष संपेपर्यंत तो बाहेर पडत नाही. म्हणजे ज्याला सुरुंग लागणार आहेत त्याने शांततेतच ठरवायला हवं. २०२५ मध्ये लाटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंडने बाहेर पडायचा निर्णय घेतला तेव्हा अनेकांनी त्याला नैतिक घसरण म्हटलं. नैतिक बाजूवर मतभेद असू द्या; सुरुंग नागरिकांना युद्धानंतरही मारत राहतात हे खरंच आहे. पण कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यापुढे दुसरी वेळ नव्हती. रणगाडे सीमेवर आल्यावर हे कलम त्यांना सोडणार नव्हतं, आणि त्यांनी ते वेळेत वाचलं होतं.

पडताळणी हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत भरीव भाग, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. इराक अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा सदस्य होता, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तिथे नियमित जात होते, आणि तरी १९९१ च्या युद्धानंतर एक मोठा छुपा अण्वस्त्र कार्यक्रम उघड झाला. कारण निरीक्षकांना देशाने जाहीर केलेल्या जागाच बघायचा अधिकार होता. या धड्यातून १९९७ चा अतिरिक्त प्रोटोकॉल, म्हणजे मूळ तपासणी कराराला जोडायचा पूरक करार, आला: जाहीर न केलेल्या जागी जाण्याची सोय, पर्यावरणीय नमुने, व्यापक माहिती. संस्था अशीही सुधारते, फक्त धक्का बसल्यावर.

अणुचाचणीबंदी कराराची गोष्ट तर विचित्रच आहे. १९९६ मध्ये सह्यांसाठी खुला झालेला हा करार अजून अमलात आलेला नाही, कारण करारात नावं दिलेल्या सर्व ४४ देशांनी मान्यता द्यायची अट आहे आणि ती पुरी झालेली नाही. रशियाने तर २०२३ मध्ये आपली मान्यता काढून घेतली. पण त्याच्यासाठी उभारलेलं निरीक्षणाचं जाळं, म्हणजे भूकंपमापक, समुद्राखालचे ध्वनिग्राहक, हवेतले किरणोत्सारी कण टिपणारी केंद्रं, हे सगळं चालू आहे. उत्तर कोरियाचा २००६ चा स्फोट एक किलोटनपेक्षाही लहान होता आणि जाळं तेव्हा अर्धवटच बांधलं होतं, तरी वीसहून अधिक केंद्रांनी तो टिपला आणि सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफला त्यातून निघालेला किरणोत्सारी झेनॉन वायू सापडला. जो करार कायद्याने जन्मलाच नाही, त्याची माहिती दुनियाभरची संरक्षण मंत्रालयं रोज वापरतात.

म्हणूनच २८ मार्च २०२४ च्या रशियन नकाराची मला इतर नकारांपेक्षा जास्त काळजी वाटली. उत्तर कोरियावरचे निर्बंध त्या दिवशी उठले नाहीत. उठली ती निर्बंध मोडणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी तज्ज्ञ समिती. ३० एप्रिलला तिची मुदत संपली. निर्बंध कागदावर जसेच्या तसे, पण कोणत्या जहाजाने समुद्रात तेल उतरवलं हे परिषदेच्या शिक्क्यानिशी सांगणारं कोणी नाही. पुढे ११ देशांनी मिळून स्वतंत्र निरीक्षण गट उभा केला. त्याचं काम चांगलं असेलही, पण त्याच्या अहवालाला ‘हा तर एका गटाचा’ असं म्हणून बाजूला सारणं सोपं आहे.

नकाराधिकाराला वळसा घालणारी एक रचना मात्र खरोखर हुशार होती. २०१५ च्या इराण अणुकरारासोबत आलेल्या ठराव २२३१ मध्ये अशी सोय होती की करारातल्या एखाद्या देशाने गंभीर उल्लंघनाची तक्रार केली, तर ३० दिवसांत ‘सवलत चालू ठेवा’ असा ठराव मंजूर व्हायला हवा, नाहीतर जुने निर्बंध आपोआप परततात. म्हणजे नकाराधिकार सवलत वाचवायला उपयोगी नाही, तो निर्बंध परत आणायलाच मदत करतो. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने २८ ऑगस्ट २०२५ ला ही कळ दाबली आणि सप्टेंबरअखेर निर्बंध परतले. रशिया आणि चीनने ते मानायला नकार दिला. कितीही सुबक कलम लिहा, अंमलबजावणी शेवटी राजधान्यांत होते. शिवाय इस्रायल आणि अमेरिकेने जून २०२५ मध्ये इराणवर केलेल्या हल्ल्यांनंतर निरीक्षकांचा तिथल्या ६० टक्के समृद्ध युरेनियमच्या सुमारे ४४० किलो साठ्यावरचा डोळा सुटला. बॉम्ब पडले, पण साठा नेमका कुठे आहे ही माहिती हरवली. संरक्षण नियोजकाला यांतलं कोणतं नुकसान मोठं वाटेल, हे त्याच्याकडे स्वतःचे उपग्रह आणि हेर किती आहेत यावर ठरतं.

समोरच्याला किंमत मोजायला लावण्याबद्दल एक तुलना बोलकी आहे. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरचं नाव सुरक्षा परिषदेच्या १२६७ समितीच्या, म्हणजे दहशतवाद्यांवर निर्बंध घालणाऱ्या समितीच्या, यादीत घालायचा प्रयत्न दशकभर चालला. समिती एकमताने चालते, त्यामुळे चीनची हरकत पुरेशी होती; ती सुटली १ मे २०१९ ला. त्याच काळात पॅरिसमधल्या आर्थिक कृती दलाने (एफएटीएफ) पाकिस्तानला जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ करड्या यादीत, म्हणजे दहशतवादाचा पैसा रोखण्यात कमी पडणाऱ्या देशांच्या यादीत, ठेवलं. या दलामागे कोणताही बंधनकारक करार नाही, फौज नाही, न्यायालय नाही. पण यादीत नाव आलं की बँका कागद जास्त तपासतात, कर्ज महागतं, व्यवहार रेंगाळतो. सनदेची सगळी भव्यता असलेली समिती एका नावावर अडली आणि एका तांत्रिक मंडळाने देशाला कायदे बदलायला लावले. कोणत्या व्यासपीठावर जायचं हे ठरवताना त्याचा दर्जा बघू नये, त्याचा निर्णय कोणाच्या खिशाला लागतो ते बघावं.

न्यायालयांबद्दल थोडक्यात. निकारागुआ प्रकरणी १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. अंमलबजावणीसाठी निकारागुआ परिषदेकडे गेला आणि अमेरिकेने नकाराधिकार वापरला. दक्षिण चीन समुद्राचा २०१६ चा लवाद निवाडा फिलिपिन्सच्या बाजूने लागला, चीनने तो धुडकावला. दुसरीकडे बकासी द्वीपकल्पाचा २००२ चा निकाल नायजेरियाने सुरुवातीला नाकारला, पण २००६ मध्ये मध्यस्थीने करार झाला आणि २००८ मध्ये भूभाग कॅमेरूनकडे गेला. दोन्ही सरकारांना तंटा मिटवायचा असेल तर न्यायालय त्यांना घरच्या विरोधकांपुढे दाखवायला एक सन्मान्य कारण देतं. एकालाच मिटवायचा असेल तर निकाल वाटाघाटीच्या टेबलावर उपयोगी पडतो, समुद्रात नाही.

शांतिसेनेचं उदाहरण जुनं आहे, पण मी ते नेहमी देतो. १९५६ पासून सिनाईत असलेली संयुक्त राष्ट्रांची फौज इजिप्तच्या संमतीने होती. १९६७ च्या मे महिन्यात इजिप्तने तिला निघून जायला सांगितलं, महासचिव ऊ थांट यांनी ते मान्य केलं, आणि ५ जूनला इस्रायलशी युद्ध पेटलं. ऊ थांट यांना दोष देणारे बरेच आहेत. कायद्याने त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं, आणि सैनिक देणारे काही देशही परत बोलवायच्या तयारीत होते. नियोजकाने ती मागणी आली त्या दिवसाकडे धोक्याची घंटा म्हणून बघायला हवं होतं. यजमान देश निरीक्षकांना किंवा शांतिसैनिकांना घालवतो तेव्हा तो पुढे काय करणार याची इतकी स्पष्ट खूण दुसरी क्वचितच मिळते.

धोरणाच्या मसुद्यात ‘आंतरराष्ट्रीय समुदाय’ आला की मी समासात लिहायचो: कोणती राजधानी, कोणत्या कलमाखाली, किती दिवसांत, कोणाच्या पैशाने? यांतल्या एकाचंही उत्तर नसेल तर ते वाक्य काढून टाकायचं आणि त्या जागी आपली फौज, साठा किंवा पर्यायी पुरवठा किती लागेल ते लिहायचं. प्रत्येक कराराच्या सूचनेची मुदत आपल्या शस्त्रनिर्मितीच्या मुदतीशेजारी मांडावी. समोरचा सहा महिन्यांत बाहेर पडू शकतो आणि आपल्याला उत्तर उभं करायला चार वर्षं लागतात, तर मधली साडेतीन वर्षं हा आपला खरा धोका. तो कराराने झाकला जात नाही. सुरक्षा परिषदेच्या सुधारणेवर मात्र कोणतीही योजना टेकवू नये. सनद बदलायला पाचही कायम सदस्यांची मान्यता लागते, आणि परिषद ११ वरून १५ झाली त्या १९६५ सालानंतर तिची रचना हललेली नाही.

उरला प्रश्नाचा दुसरा भाग, फक्त स्वतःच्या बळावर विसंबण्याचा. ज्यांच्याकडे स्वतःचे उपग्रह आणि हेरजाळं आहे त्यांना तो पर्याय परवडतो, आणि त्यांनाही तो महागच पडतो. न्यू स्टार्ट कराराने अमेरिका आणि रशियाला प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा घातली होती आणि वर्षाला १८ पर्यंत प्रत्यक्ष तपासण्यांची सोय दिली होती. तपासण्या २०२० मध्ये महामारीत थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत, रशियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सहभाग स्थगित केला, आणि कराराची मुदतच ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. समोरच्या क्षेपणास्त्रावर किती अस्त्रं बसवली आहेत हे वरून फोटो काढून कळत नाही, झाकण उघडून मोजावं लागतं. मोजता आलं नाही की नियोजक जास्तीचा आकडा धरतो आणि अंदाजपत्रक त्या आकड्यावर बेततो. लहान देशाला तर तो आकडाही दुसऱ्याकडून घ्यावा लागतो. म्हणून परिषदेत भाषणाची वेळ मिळवण्यापेक्षा भूकंपमापक केंद्रं, निरीक्षकांचं प्रशिक्षण आणि अणुऊर्जा संस्थेच्या प्रयोगशाळांसाठी पैसा यांवर लहान देशांनी आपली ताकद लावावी, असंच मी माझ्या टिपणांत सुचवत आलो.